पाचशे रुपयांच्या पावतीला लेखी हरकत

विदर्भातील तालुक्याच्या गावांमध्ये आता दवाखाना, बँक, कृषी सेवा केंद्र आणि औषधांचे दुकान एकाच कॉम्प्लेक्समध्ये आलेले दिसते आणि त्या कॉम्प्लेक्ससमोरच्या जागेत गाडी लावण्याचे पैसे घेणारा माणूसही दिसतो. पैसे घेण्याला माझी हरकत नाही. स्वतःच्या जागेत सावलीचे शेड उभारून कोणी गाड्या सांभाळत असेल, तर दहा-वीस रुपये देणे योग्यच आहे. माझी हरकत पुढच्या पायरीला आहे. गाडी आखलेल्या जागेच्या बाहेर लावली किंवा ठरलेल्या वेळेत नेली नाही, एवढ्या कारणावरून मागच्या चाकाला साखळी घालायची आणि पाचशे रुपये ‘दंड’ भरल्याशिवाय कुलूप काढायचे नाही, ही पद्धत आमच्याकडे रूढ होत चालली आहे, आणि लोक ती सरकारी कारवाई समजून निमूटपणे पैसे भरत आहेत.

मी यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवते. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विम्याचा अर्ज अशा कामांसाठी येणारी माणसे सोबत इतरही कागद घेऊन येतात, कारण तो कागद कोणाला दाखवावा हे त्यांना माहीत नसते. शेजारचे काका अशीच एक पावती घेऊन आले. “ताई, हे पावती खरी हाय का खोटी, तेवढं सांगून द्या,” एवढेच त्यांचे म्हणणे होते. पैसे परत मिळू शकतील, असे त्यांच्या मनातही नव्हते.

काकूंची सोनोग्राफी होती. दवाखान्यात गर्दी होती, नंबर उशिरा लागला, आणि खाली येईपर्यंत मोटारसायकलच्या चाकाला साखळी लागलेली होती. दोन तासांच्या वर गाडी ठेवली म्हणून पाचशे रुपये दंड, असे त्यांना सांगण्यात आले. काकांनी विचारले की हा नियम कुठे लिहिला आहे, तेव्हा त्या माणसाने उत्तर दिले, “जागा आमची हाय, नियम आमचा हाय.” काकू उपाशी होत्या, गावाकडे यायची वेळ होत आली होती, म्हणून काकांनी पैसे दिले. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये ठरलेला होता. त्या हिशेबाने पाहिले, तर काकांच्या घरातील दीड दिवसाहून अधिक कष्ट त्या साखळीत अडकले.

ती पावती मी नीट पाहिली. गुलाबी कागदाचा लहान तुकडा, वरच्या बाजूला छापलेले ‘वाहन पार्किंग’, खाली निळ्या पेनाने लिहिलेला गाडीचा नंबर आणि ‘दंड ५००/-’. सही वाचता येत नव्हती. घेणाऱ्याचे नाव, पत्ता, अनुक्रमांक यांपैकी काहीच नव्हते. कोपऱ्यात ‘व्यवस्थापक’ असा गोल शिक्का होता, पण तो कोणाचा व्यवस्थापक, हे शिक्क्यावर नव्हते. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या सर्वसाधारण नियमांनी बिल किंवा पावतीवर किमान काय असले पाहिजे ते सांगितले आहे, आणि त्यात सेवा देणाऱ्याचे नाव व पत्ता, अनुक्रमांक, दिनांक आणि सही या अगदी प्राथमिक बाबी आहेत. पाचशे रुपये घेणाऱ्याने स्वतःचे नावच लिहिलेले नाही, ही गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटली. तक्रार करायची झाली तर कोणाविरुद्ध करायची, याचे उत्तरच त्या कागदावर ठेवलेले नव्हते.

मुळात वाहन उभे करण्याच्या चुकीबद्दल शिक्षा म्हणून रक्कम वसूल करणे हा अधिकार कायद्याने दिलेला असावा लागतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये तो आहे, आणि तो पोलिसांकडे व शासनाने अधिकृत केलेल्या अधिकाऱ्यांकडे आहे. चाकाला कुलूप लावण्याचाही उल्लेख त्याच अधिनियमाच्या कलम १२७ मध्ये आहे. सार्वजनिक ठिकाणी दहा तास किंवा त्याहून अधिक काळ बेवारस सोडलेले किंवा कायद्याने मनाई असलेल्या ठिकाणी उभे केलेले वाहन हलवण्याची अथवा चाकबंद करण्याची परवानगी त्या हद्दीतील गणवेषधारी पोलीस अधिकारी देऊ शकतो. पार्किंगचा ठेका घेतलेला माणूस तो अधिकारी नाही. त्याच्या पावतीची बाकी न्यायालयात खटला म्हणून जात नाही, वाहनाच्या ऑनलाइन ई-चलानमध्ये दिसत नाही आणि त्यामुळे वाहन परवानाही अडकत नाही. या भीतीनेच लोक पैसे भरतात, म्हणून हे स्पष्टपणे लिहिणे मला आवश्यक वाटले.

मग त्या माणसाजवळ कोणता अधिकार उरतो? कराराचा. तुम्ही त्याच्या जागेत गाडी लावली, त्याने काही अटींवर लावू दिली, म्हणजे दोघांमध्ये एक लहानसा करार झाला, असे तो म्हणू शकतो. भारतीय करार अधिनियम १८७२ चा आहे आणि तो कापसाच्या सौद्याला जसा लागू होतो तसाच पार्किंगच्या पावतीलाही लागू होतो. पण करार म्हटला की अटी दोन्ही बाजूंना आधी माहीत असाव्या लागतात. आम्ही नंतर जाऊन पाहिले तेव्हा ‘दोन तासांवर दंड’ असे लिहिलेली पाटी टिनाच्या शेडच्या आतल्या भिंतीवर, पाण्याच्या कॅनच्या मागे होती. गाडी लावून, पावती घेऊन, शेडच्या आत वळून पाहिले तरच ती दिसते. प्रवेशाजवळ फक्त ‘मोटारसायकल २० रु.’ एवढेच रंगवलेले होते.

अशाच प्रश्नावर इंग्लंडमधील अपील न्यायालयाने डिसेंबर १९७० मध्ये थॉर्नटन विरुद्ध शू लेन पार्किंग या प्रकरणात निर्णय दिला होता. वाहनतळाच्या स्वयंचलित यंत्रातून तिकीट बाहेर आले, त्यावर ‘आत लावलेल्या अटींना अधीन राहून’ असे बारीक अक्षरात होते, आणि त्या अटी आत गेल्यावरच वाचता येत होत्या. न्यायालयाने म्हटले की गाडी यंत्रासमोर आली तेव्हाच करार पूर्ण झाला, त्यामुळे नंतर दाखवलेल्या अटी त्या माणसावर बंधनकारक नाहीत. परदेशी निर्णय आपल्या न्यायालयांना बांधत नाही, तरी त्यातील तर्क आमच्या टिनाच्या शेडला तंतोतंत लागू पडतो. म्हणून पाटीचा फोटो काढताना फक्त पाटीचा काढू नये. गाडी आत येते त्या ठिकाणी उभे राहून, तिथून काय दिसते आणि काय दिसत नाही, असा एक फोटो काढावा. काकांच्या हरकतीत हाच फोटो सर्वांत उपयोगी पडला.

समजा पाटी दर्शनी भागात आहे आणि काकांनी ती वाचूनच गाडी लावली. तरीही पाचशे रुपये आपोआप देय होत नाहीत. करार अधिनियमाचे कलम ७४ सांगते की कराराचा भंग झाल्यास किती रक्कम द्यायची हे करारातच लिहिलेले असले, तरी ज्याचे नुकसान झाले त्याला त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळते. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या प्रकरणात हे तत्त्व मांडले, आणि २०१५ मध्ये कैलासनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या प्रकरणात, मुळात काही नुकसान झालेले असणे ही भरपाईची अट आहे, असे स्पष्ट केले. वीस रुपयांत दोन तास जागा देणाऱ्याचे, त्याच जागेत गाडी आणखी तासभर उभी राहिल्याने, शेड अर्धे रिकामे असताना, पाचशे रुपयांचे नुकसान कसे होते, हा प्रश्न त्याला लेखी विचारलाच पाहिजे. आणखी वीस रुपये मागितले असते तर काकांनी ते आनंदाने दिले असते.

साखळीचा मुद्दा याहून वेगळा आहे आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचा आहे. दुसऱ्याची वस्तू आपल्या पैशांसाठी अडवून ठेवण्याचा अधिकार कायद्याने मोजक्याच लोकांना दिला आहे. करार अधिनियमाच्या कलम १७० प्रमाणे ज्याने त्या वस्तूवर श्रम किंवा कौशल्य खर्च केले, तो मोबदला मिळेपर्यंत ती ठेवून घेऊ शकतो. कायद्याने स्वतःच हिऱ्याला पैलू पाडणाऱ्या जवाहिऱ्याचे उदाहरण दिले आहे. गाडीचे इंजिन खोलून दुरुस्त करणारा मिस्त्री त्याच प्रकारात बसतो आणि मजुरी मिळेपर्यंत गाडी देणार नाही असे तो म्हणू शकतो. कलम १७१ मध्ये बँकर, अडते, धक्क्यावर माल ठेवणारे, उच्च न्यायालयाचे वकील अशा ठरावीक व्यवसायांना व्यापक अधिकार दिला आहे, आणि इतरांना तसा स्पष्ट करार असल्याशिवाय तो नाही. जागेवर गाडी उभी राहू देणारा माणूस गाडीवर कोणतेही काम करत नाही. तेव्हा साखळी घालण्याची स्पष्ट अट आधी मान्य करून घेतलेली नसेल, तर त्या साखळीला आधार नाही. अशा वेळी कुलूप तोडण्याच्या भानगडीत मात्र पडू नये. त्याने भांडण वाढते आणि आपलीच बाजू कमजोर होते. ११२ वर फोन करावा, पोलिसांसमोर ‘गाडी सोडवण्यासाठी हरकत राखून पैसे देत आहे’ असे म्हणावे, आणि शक्य असल्यास पावतीवरच तसे लिहून खाली सही करावी. आजारी माणूस सोबत असताना पैसे भरण्यात काहीही गैर नाही. हरकत नंतरही घेता येते.

जागामालकाची बाजूही इथे मांडली पाहिजे. बाजाराच्या दिवशी लोक सकाळी गाळ्यांच्या तोंडाशी गाडी लावतात आणि संध्याकाळी घेऊन जातात. दुकानदाराचे गिऱ्हाईक आत येऊ शकत नाही, दवाखान्याच्या दाराशी ऑटो पोहोचत नाही, गरोदर बाईला रस्त्यावर उतरून चालत यावे लागते. खासगी जागेत परवानगीशिवाय गाडी सोडून जाणे हे चुकीचे आहे आणि मालकाला त्याविरुद्ध दाद मागण्याचा पूर्ण हक्क आहे. त्यासाठी त्याने दर्शनी पाटी लावावी, वेळेनुसार वाढत जाणारे वाजवी दर लिहावेत आणि नावपत्त्याची पावती द्यावी. असे केले तर गावातील कोणीही तक्रार करणार नाही.

माझ्या मावसबहिणीचा मुलगा इंग्लंडमध्ये लीड्सला नोकरीला आहे. काकांची हकिगत मी त्याला सांगितली, तेव्हा त्याने त्याला आलेल्या नोटिशीचा फोटो पाठवला. सुपरमार्केटच्या खासगी जागेत जास्त वेळ थांबल्याबद्दल शंभर पौंड, चौदा दिवसांत भरल्यास साठ. तिकडे हा विषय आपल्यापेक्षा बराच पुढे गेलेला आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये खासगी जागेत गाडीला कुलूप लावण्यावर १ ऑक्टोबर २०१२ पासून बंदी आहे. ज्या कायद्याने ती बंदी आली, त्याच २०१२ च्या कायद्याने जागाचालकांना दुसरे साधन दिले : चालक कोण होता हे कळले नाही, तर ठरावीक अटी पाळून गाडीच्या नोंदणीकृत धारकाकडून रक्कम मागता येते. त्यातील एक अट अशी की काचेवर नोटीस चिकटवलेली नसेल, तर पार्किंग संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजून चौदा दिवसांच्या आत नोटीस धारकाच्या हाती पडली पाहिजे. त्याला ती त्यानंतर मिळाली होती. त्याने तारखा दाखवून हरकत घेतली, चालक कोण होता हे सांगण्याचे बंधन आपल्यावर नाही असे नम्रपणे लिहिले, आणि कंपनीने मागणी मागे घेतली.

अर्थात तिकडेही प्रत्येक हरकत टिकत नाही. ४ नोव्हेंबर २०१५ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पार्किंगआय विरुद्ध बीव्हिस या प्रकरणात पंच्याऐंशी पौंडांची रक्कम योग्य ठरवली. दोन तास मोफत असलेल्या जागेत गाडी छप्पन्न मिनिटे जास्त राहिली होती. मोठ्या अक्षरांतील पाट्या जागोजागी होत्या, आणि दुकानांसाठी जागा फिरती राहावी हे जागाचालकाचे रास्त हित आहे, असे न्यायालयाला वाटले. आमच्याकडील ठेकेदाराच्या बाजूने कोणी हा निर्णय पुढे केला, तर त्याला सांगावे की तिथला निकाल ठळक पाट्यांवर उभा आहे, आणि आपल्या कलम ७४ मध्ये कसोटी वाजवी भरपाईची आहे. कंपनीने हरकत फेटाळली तर तिकडे स्वतंत्र अपील यंत्रणेकडे जाता येते, ही सोय मला विशेष आवडली. आपल्याकडे खास पार्किंगसाठी अशी यंत्रणा नाही, पण ग्राहक आयोग आहे, आणि तो कमी ताकदीचा नाही.

काकांच्या प्रकरणात आम्ही सुरुवात पत्राने केली. ठेकेदाराचे नाव माहीत नव्हते, म्हणून आधी इमारतीचा मालक शोधला. आमच्या भागातील शहरवजा गावांमध्ये घरजागेची आखिव पत्रिका असते. ती भूमी अभिलेख कार्यालयातून किंवा ऑनलाइन मिळते आणि तिच्यावर धारकाचे नाव, क्षेत्रफळ आणि जागेचा सत्ताप्रकार दिलेला असतो. विदर्भात पुष्कळ जागा नझूलच्या आहेत, म्हणजे जमीन शासनाची आणि धारकाजवळ भाडेपट्टा, त्यामुळे ‘जागा आमची’ असे म्हणणाऱ्याची जागा खरोखर किती आणि कशी त्याची आहे, हे पत्रिकेवरून कळते. इथे इमारतीचा भूखंड मालकाचाच होता. पण पत्रिकेवरील क्षेत्रफळ आणि प्रत्यक्ष शेडची लांबी यांचा मेळ बसत नव्हता. रस्त्याच्या बाजूने टिनपत्रे बरीच पुढे आलेली होती.

पत्र एका पानाचे लिहिले. अशा पत्रात रागाचे शब्द टाकण्याचा मोह होतो, तो टाळावा, कारण हेच पत्र उद्या आयोगासमोर वाचले जाणार असते. आधी घटना : तारीख, गाडीचा नंबर, येण्याची आणि निघण्याची वेळ, दिलेली रक्कम. मग प्रश्न : पैसे घेणारी व्यक्ती किंवा संस्था कोण आहे आणि मालकाशी तिचा करार आहे काय, असल्यास त्याची प्रत द्यावी, अतिरिक्त वेळेचा दर प्रवेशाच्या ठिकाणी का लिहिलेला नाही, पाचशे रुपये हा आकडा कोणत्या नुकसानीवरून काढला, वाहनाला साखळी कोणत्या अधिकाराने लावली. शेवटी मागणी : पंधरा दिवसांत रक्कम परत करावी, अन्यथा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागण्यात येईल. पत्र मालकाच्या आणि ‘पार्किंग व्यवस्थापक’ यांच्या नावाने, दोघांना वेगवेगळ्या स्पीड पोस्टने पाठवले आणि पोहोचल्याची ऑनलाइन नोंद छापून फाइलला लावली. दवाखान्याच्या कागदावर काकूंचा नंबर आणि वेळ होती, त्याचीही प्रत जोडली. उशीर दवाखान्यात झाला आणि तो दवाखाना त्याच मालकाचा भाडेकरू आहे, ही वस्तुस्थिती त्यातून आपोआप पुढे आली.

एक लहानसा कागद मात्र या सगळ्यात सर्वांत मोलाचा ठरला. आत येताना दिलेल्या वीस रुपयांची चिठ्ठी काकूंनी सोनोग्राफीच्या फाइलमध्ये घडी घालून ठेवली होती. बहुतेक लोक ती तिथेच टाकून देतात. पण वीस रुपये देऊन सेवा घेतली, हे त्या चिठ्ठीने सिद्ध होते, आणि त्यामुळेच गाडी लावणारा माणूस ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या व्याख्येतील ग्राहक ठरतो. या अधिनियमाने, करारभंगामुळे समोरच्या पक्षाच्या झालेल्या नुकसानीशी अगदीच विसंगत असा दंड ग्राहकावर लादणाऱ्या कराराला ‘अनुचित करार’ म्हटले आहे. इथे एक व्यावहारिक अडचण आहे. केवळ अनुचित कराराची तक्रार राज्य आयोगाकडे जाते, आणि पाचशे रुपयांसाठी यवतमाळच्या माणसाने नागपूरच्या खंडपीठापर्यंत जावे, असे मी सुचवणार नाही. त्याऐवजी अपुरी पावती, न सांगितलेला दर आणि अडवलेली गाडी ही सेवेतील त्रुटी व अनुचित व्यापारी प्रथा आहे, अशी मांडणी करून जिल्हा आयोगाकडे जाणे सोपे पडते. तिथे पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात ऑनलाइनही दाखल करता येते, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहावी. वकील हवाच असेल, तर महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता तालुका विधी सेवा समितीकडून मोफत साहाय्य मिळते. हे आमच्या भागात फार थोड्यांना माहीत आहे आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

पैसे घेऊन गाडी ठेवणाऱ्याला जबाबदारीही घ्यावी लागते, ही बाजूही लक्षात ठेवावी. १९९८ मध्ये दिल्लीतील एका मोठ्या हॉटेलात, गाडी लावून देणाऱ्या हॉटेलच्याच माणसाच्या हाती किल्ली सोपवलेली कार चोरीला गेली, आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये निकाल दिला की ‘वाहन मालकाच्या जबाबदारीवर’ असे छापून हॉटेलला हात झटकता येणार नाही. तिथे किल्ली दिलेली होती. आमच्या शेडमध्ये किल्ली मालकाच्याच खिशात असते, त्यामुळे ते प्रकरण जसेच्या तसे लागू होईल असे मी म्हणत नाही. पण साखळी घालून गाडीचा ताबा एकदा आपल्याकडे घेतला, की त्या काळात गाडीला काही झाले तर आमचा संबंध नाही, असे म्हणणे ठेकेदाराला अवघड जाईल.

पत्राचे उत्तर टपालाने आले नाही. ठेकेदाराचा माणूस काकांच्या घरी आला आणि तीनशे रुपये घेऊन विषय संपवा म्हणाला. काकांनी त्याला खाटेवर बसवले, चहा दिला, आणि जे काही म्हणायचे ते कागदावर लिहून द्या, एवढेच सांगितले. पुढे मालकाने स्वतः फोन केला, जास्तीच्या वेळेचे वीस रुपये वजा करून चारशे ऐंशी रुपये काकांच्या मुलाच्या खात्यावर फोनवरून पाठवले, आणि ते कशाबद्दल पाठवले हे त्या नोंदीतच लिहिले. तक्रार दाखल करावी लागली नाही. काकांचे समाधान झाले. माझे पूर्ण झालेले नाही, कारण साखळी अजून शेडच्या खांबाला लटकते आहे आणि ज्याने पत्र लिहिले नाही त्याच्याकडून आजही पैसे घेतले जात असतील. ज्यांना रक्कम द्यावीच लागते, त्यांनी ती शक्यतो रोख न देता फोनवरून द्यावी, म्हणजे पावतीवर नसलेले घेणाऱ्याचे नाव निदान मोबाइलच्या पडद्यावर तरी उमटते. दुसऱ्या एका ताईंच्या बाबतीत असेच नाव हाती लागले, आणि ते नाव मालकाचे नव्हते आणि ठेकेदार म्हणून सांगितलेल्या माणसाचेही नव्हते.

रस्त्याकडे पुढे आलेल्या टिनपत्र्यांबद्दल मी माहिती अधिकारात नगर पंचायतीला अर्ज केला. दहा रुपयांचा न्यायालयीन मुद्रांक, एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा, हे महाराष्ट्राचे नियम पाळले की अर्ज परत येण्याचे कारण राहत नाही. मी दोनच गोष्टी विचारल्या : या ठिकाणी पार्किंग शुल्क घेण्याचा हर्रास किंवा परवाना नगर पंचायतीने दिला आहे काय, आणि इमारतीच्या मंजूर नकाशात वाहनतळ कुठे दाखवला आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने अशा इमारतीला वाहनतळाची ठरावीक जागा राखणे बंधनकारक केले आहे, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कागदावर असायलाच हवे. पहिल्याचे उत्तर ‘नाही’ असे आले. नकाशाची प्रत मिळाली, आणि त्यात वाहनतळ इमारतीच्या मागच्या बाजूला दाखवलेला आहे. तिथे सध्या खताच्या पोत्यांचे गोदाम आहे.

म्हणजे ज्या पट्ट्यावर वेळ मोजून दंड घेतला जातो, तो पट्टा मंजूर नकाशात वाहनतळ म्हणून नाहीच, आणि त्याचा काही भाग रस्त्याच्या हद्दीत असण्याची शक्यता आहे. ते नक्की ठरवायचे तर मोजणी करावी लागेल. म्हणून नकाशाची प्रत, शेडचे फोटो आणि आखिव पत्रिका जोडून हद्द तपासण्याचा आणि मागचा वाहनतळ मोकळा करून घेण्याचा अर्ज मुख्याधिकाऱ्यांकडे दिला आहे. त्यावर काकांची सही आहे, माझी आहे, आणि त्याच दवाखान्यात जाणाऱ्या इतर काही जणांची आहे. ज्यांच्याकडे त्या शेडच्या गुलाबी पावत्या असतील, त्यांनी त्या फेकू नयेत आणि तारखेसह केंद्रावर आणून द्याव्यात. मी त्यांच्या प्रती काढून त्या अर्जाला जोडणार आहे.